लिमये मॅडमची टकटक

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात आईची अंगठी आहे. वर्गात कुणी जर्मन बोलताना चुकलं, की मी त्या अंगठीने टेबलावर दोनदा वाजवते. तोंडाने काही बोलत नाही. काय चुकलं ते ज्याचं त्याने शोधायचं, सुधारायचं आणि पुढे बोलायचं. पुण्यात जर्मन शिकलेली बरीच मंडळी या टकटकीतून गेलेली आहेत. मध्यंतरी म्युनिकहून आलेला एक जुना विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, अजून ऑफिसात बोलताना गडबडलो की तुमची टकटक ऐकू येते." मला बरं वाटलं. का वाटू नये?

निहार तांबटच्या वाट्याला ती फारशी आलीच नाही. तांबट आळीतलं पोर. घरात पिढ्यान्‌पिढ्या तांब्या-पितळेचं काम. पूर्वी बंब आणि घंगाळी घडवायचे, आता हॉटेलांचे दिवे घडवतात. या पोराला मात्र वाद्यं घडवायची होती. जर्मनीत, सॅक्सनीतल्या एका लहानशा गावात पितळी वाद्यं हाताने बनवणारे एक म्हातारे उस्ताद आहेत. निहारने पितळेचा पत्रा ठोकून ट्रंपेटचं पसरट तोंड बनवलं आणि त्यांना पाठवलं. ते पाहून त्यांनी शिकाऊ म्हणून घ्यायचं कबूल केलं. अट एकच, जर्मनची वरची परीक्षा तोंडीसकट पहिल्या श्रेणीत पास व्हायची. नाही झालं तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

निहारला आमच्या कागदोपत्री मुलगा लिहिलेलं आहे. निहारचं म्हणणं, मी मुलगाही नाही आणि मुलगीही नाही. हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं, फक्त मला नव्हतं. कसं नव्हतं ते सांगायचं तर आधी सुकर्णी सांगायला हवी.

सुकर्णी आता घरोघरी झाली आहे. वालाच्या दाण्याएवढं कानातलं यंत्र. मुळात ते कमी ऐकू येणाऱ्यांसाठी निघालं. त्यामागचं तत्त्व साधं आहे. बाहेरून आवाजाची लहर आली की यंत्र तिच्या नेमकी उलटी लहर सोडतं. दोन्ही लहरी एकमेकींना पुसतात आणि कान कोरा राहतो. विमानात घरघर ऐकू येऊ नये म्हणून घालायचे हेडफोन आमच्या तरुणपणीही हेच करायचे. सुकर्णीने त्याच्यापुढची पायरी गाठली. कोऱ्या झालेल्या कानात ती तेच वाक्य समोरच्या माणसाच्याच आवाजात पुन्हा म्हणते, फक्त ऐकणाऱ्याला सोयीचं करून. बोबडं असेल तर स्वच्छ करते, घाईचं असेल तर सावकाश. वाक्य कुठे वळणार याचा अंदाज ती आधीच बांधते, त्यामुळे उशीर असा जाणवत नाही. ओठ आणि आवाज यांत जराशी तफावत पडते, पण आपला मेंदू ती गुपचूप सांधून घेतो. वाचायला जोडीचा चष्मा असतो. तो कागदावरची अक्षरंही तशीच बदलून दाखवतो.

आमच्या श्रीकांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आपल्या सुकर्णीत 'सौम्य' हा पर्याय निवडून ठेवलाय. मी स्वयंपाकघरातून खेकसते आणि हा माणूस हसत हसत येतो. इतके दिवस मला वाटत होतं, सुधारला.

आता जर्मनांचं भांडण. त्यांच्या भाषेत शिक्षक वेगळा, शिक्षिका वेगळी, आणि हे जवळजवळ प्रत्येक कामधंद्याच्या बाबतीत. सगळे मिळून असले की पूर्वी पुरुषाचाच शब्द वापरायचे आणि बायकांना त्यात धरून चालायचे. मग लोक विचारायला लागले, का म्हणून? आणि जे पुरुषात बसत नाहीत, बाईतही बसत नाहीत, त्यांचं काय? त्यातून शब्दाच्या मधोमध एक तारा, म्हणजे * हे चिन्ह, घालायची रीत निघाली. ताऱ्याच्या अलीकडे पुरुष, पलीकडे बाई, आणि ताऱ्यात बाकीचे. बोलताना त्या जागी क्षणभर थांबायचं. शाळेने हे लेखन बरोबर धरायचं की चूक, यावरून तिकडे चांगलीच जुंपली. एका राज्यात लाल रेघ, तर दुसऱ्या राज्यात पूर्ण गुण.

ते लोण आमच्या अभ्यास मंडळापर्यंतही आलं. मी कडाडून विरोध केला. अहो, मी पेठेतली मुलगी, ही भाषा मी घोकून घोकून, रडून शिकले. टेबल पुल्लिंगी का आणि मुलगी नपुंसकलिंगी का, असं एकदाही कुणाला विचारलं नाही. आणि आता कालची पोरं येऊन तिच्यात नक्षी काढणार? बैठकीत माणसं हमरीतुमरीवर आली, चहा तसाच निवला, आणि निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

मधल्या काळात सुकर्णीवाल्यांनी उडी मारली. म्हणाले, भांडता कशाला? ज्याला तारा हवा त्याला तो दिसेल, ऐकू येईल. ज्याला नको त्याला नाही. हेच हाक मारण्याच्या बाबतीत, ज्याला जशी हवी तशी ऐकू येईल. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ती पुढची बैठक झालीच नाही. मी माझ्या सुकर्णीत 'जुनी पद्धत' निवडली आणि विसरून गेले. माझ्या कानात काय चाललंय ते मला माहीत होतं. दुसऱ्याच्या कानात काय चाललं असेल, याचा विचार कोण करतो?

निहार माझं लाडकं होतं, उगाच कशाला लपवू. वर्ग सुटला की माझ्या टेबलाशी रेंगाळायचं, शंका विचारायचं, कधी रविवारी घरी येऊन श्रीकांतशी गप्पा मारायचं. गुरुपौर्णिमेला स्वतःच्या हाताने ठोकलेला, झाकणाचा पितळी डबा आणून दिला. अर्ज भरायच्या वेळी म्हणालं, "मॅडम, परीक्षक तुम्हीच हवात. दुसऱ्या कुणासमोर माझं असं मोकळेपणाने बोलणं होत नाही."

"लाडीगोडी पुरे," मी म्हटलं. पण मनातून सुखावले. मला वाटलं, माझ्या शिकवण्याचं कौतुक चाललंय.

तोंडी परीक्षेला यंत्रं चालत नाहीत, असा नियम आहे. प्रत्यक्षात सगळीकडे कानाडोळा करतात. बाहेरून आलेले परीक्षक डाबरे सर वसईचे, स्वभावाने मऊ. म्हणाले, "राहू द्या हो मॅडम, कोण बघतंय?"

"मी बघतेय," मी म्हटलं. निहारचाच तो पितळी डबा दाराशी ठेवला. डाबरे सरांनी नाइलाजाने सुकर्णी त्यात टाकली, मी माझी टाकली, आणि निहारने आत येताना आपली टाकली. वाचायला मी साधा चष्मा लावला. नियम म्हणजे नियम.

वर्गात आणि परीक्षेत मी जर्मन रिवाजाप्रमाणे आडनावाने हाक मारते, 'हेर', म्हणजे श्री अमुक, किंवा 'फ्राऊ', म्हणजे श्रीमती तमुक. तशीच मारली. "बसा, हेर तांबट."

निहारने मागे वळून पाहिलं. दुसरं कुणी आत आलंय का, ते बघत होतं. मग बसलं, पण चेहरा उतरला. मला वाटलं, परीक्षेची धास्ती.

वादविवादाची चिठ्ठी निघाली, 'शाळांनी ताऱ्याचं लेखन स्वीकारावं का?' जुना, घासून गुळगुळीत झालेला विषय. प्रश्न मिटला होता, पण चिठ्ठी कुणी काढून टाकली नव्हती. यात उमेदवाराने एक बाजू घ्यायची आणि मुख्य परीक्षकाने विरुद्ध बाजू लढवायची असते. निहारने 'स्वीकारावं' ही बाजू घेतली आणि बोलायला सुरुवात केली.

दुसऱ्याच वाक्यात अडखळलं. शब्दाच्या मधेच खंड पडला. माझ्या अंगठीने टेबलावर टकटक केली. हात आपोआप जातो, इतक्या वर्षांची सवय. निहार थांबलं, चूक शोधायला लागलं. सापडली नाही. तेच वाक्य पुन्हा म्हणालं, पुन्हा तिथेच खंड. टकटक. तिसऱ्यांदा सावकाश म्हणालं, पण खंड होताच. टकटक.

मग निहारने दाराशी ठेवलेल्या डब्याकडे पाहिलं. माझ्या कानाकडे पाहिलं. अंगठीकडे पाहिलं. आणि तोंड मिटून घेतलं.

पोर माझ्याहून हुशार. त्याला आधी कळलं. मला कळायला आणखी थोडा वेळ लागला. ते अडखळणं नव्हतं. तो तारा होता. निहार पहिल्या दिवसापासून असंच बोलत होतं आणि सुकर्णी ते माझ्या कानात शिरायच्या आधीच पुसत होती. पहिल्या तासाला स्वतःची ओळख करून देताना 'मला वाद्यकार व्हायचंय' हे वाक्य पोराने तारा घालूनच म्हटलं असणार. मी म्हटलं होतं, "उत्तम. पुढे." तेव्हा निहारचे डोळे भरून आले होते आणि मला वाटलं होतं, नवीन आहे, घाबरलंय. तिकडे निहारच्या सुकर्णीत उलटा पर्याय. मी 'हेर तांबट' म्हणायची, पोराला नुसतं 'निहार तांबट' ऐकू जायचं. मी माझ्या जुन्या पद्धतीने बोलायची, निहारच्या कानात सगळीकडे तारे. सगळ्या शहरात आपल्याला समजून घेणारी एक बाई आहे, असं हे पोर धरून चाललं होतं. ती बाई अस्तित्वातच नव्हती.

डाबरे सर घड्याळाकडे बघत होते. उमेदवार गप्प बसला तर त्या भागाला शून्य. म्हणजे श्रेणी गेली, सॅक्सनी गेलं, सगळंच गेलं. परीक्षकाने समजूत घालायची नाही, खुलासा करायचा नाही, हाही नियमच. आणि तो मोडायचा म्हटलं तरी मी काय बोलणार होते? मग डोक्यात आलं, विरुद्ध बाजू लढवायची तर मला परवानगी आहे.

मी जर्मनमध्ये म्हटलं, "मी या ताऱ्याच्या ठाम विरोधात आहे. माझ्या कानातल्या यंत्रामुळे तो मला आजवर ऐकूच आला नाही. ऐकू आला असता तर मी दर वेळी टेबल वाजवलं असतं. आता मला पटवून द्या."

डाबरे सर चमकून माझ्याकडे बघायला लागले. निहारचे कान लाल झाले. आणि मग पोर जे बोलायला लागलं! इतकं जिवंत जर्मन त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"ही भाषा शिकताना तुम्हाला रडू यायचं, हे तुम्ही आम्हाला दर वर्षी सांगता," निहार म्हणालं. "मलाही आलंय. पण तुम्ही शिकलात आणि तुम्हाला आत जागा मिळाली. मी सगळं शिकल्यावरही त्यात माझ्यासाठी शब्द नाही. मला अख्खी भाषा बदलून नकोय. एका ताऱ्याएवढी जागा हवीय."

"आणि ज्यांना मुळात वाचायलाच जड जातं त्यांनी काय करायचं?" मीही मागे हटले नाही. "शाळेत अशी मुलं असतात. जे पाहू शकत नाहीत त्यांची वाचनयंत्रं ताऱ्यापाशी अडतात. तुम्हाला जागा द्यायची म्हणून त्यांच्या वाटेत दगड टाकायचा का?"

निहारने मान डोलावली. "हा मुद्दा खरा आहे," म्हणालं. "पण यंत्र अडत असेल तर यंत्र सुधारायला हवं. तुम्ही लोकांनी यंत्र सुधारलंत आणि मलाच पुसून टाकलंत."

आता बोलायची पाळी माझी होती. इतकी वर्षं वर्गात शेवटचा शब्द माझा असतो. मी तोंड उघडलं, आणि वेळ संपल्याची घंटा झाली.

निहार बाहेर गेल्यावर डाबरे सरांनी पेन खाली ठेवलं. "वादविवादाला मी पैकीच्या पैकी देतोय. पण ते मधे मधे थांबणं, त्याचं काय करायचं? चूक धरली तर शुद्धतेचे गुण जातील. पहिली श्रेणी राहणार नाही. तुम्ही तर विरोधात आहात."

"नियमात काय आहे?"

त्यांनी नियम वरपासून खालपर्यंत चाळले. "काहीच नाही. तुमची ती पुढची बैठक झालीच नाही ना."

खरं सांगते, मनातून मला अजूनही ती चूकच वाटत होती. एक रेघ मारली असती तर कुणी विचारलंही नसतं. पण मी म्हटलं, "मग चूक नाही. नियमात नसलेली चूक मी धरत नाही. मला आवडत नाही, हा माझा प्रश्न. माझ्या आवडीनिवडीवर गुण द्यायला हे काय आमच्या घरचं कार्य आहे?"

डाबरे सर हसले आणि त्यांनी गुण लिहिले. पहिली श्रेणी.

बाहेर आले तर डब्यातली निहारची सुकर्णी गेलेली होती आणि निहारही.

निकाल लागल्यावर पोरं माझ्याकडे पेढे घेऊन येतात, हा आमचा ठरलेला रिवाज. सगळी आली. काठावर पास झालेली तर सगळ्यात मोठा पुडा घेऊन आली. निहार आलं नाही. दारावरची बेल वाजली की मी उठून बघायची. शेवटी एका संध्याकाळी मला रडू फुटलं. श्रीकांतने ते पाहिलं, कानातली सुकर्णी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "आता बोल." मी सगळं सांगितलं. त्या भरात 'सौम्य'बद्दल त्यालाही चार शब्द ऐकावे लागले. त्याने ते निमूटपणे ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. ताऱ्याचा विषय पुन्हा घ्या, बैठक बोलवा, आणि त्या दिवशी सगळ्यांनी सुकर्णी बाहेर ठेवायची, असं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, मिटलेलं कशाला उकरता?" मी म्हटलं, "मिटलेलं नाही, झाकलेलं आहे. आणि मी विरोधातच बोलणार आहे, काळजी करू नका. पण ज्यांना हवंय त्यांना समोर बसवून बोलणार." ते काहीतरी पुटपुटले. बैठकीची तारीख मात्र लावून घेतली मी.

निहार आलं ते पुढच्या आठवड्यात, दुपारी. हातात पेढे नव्हते. मी दार उघडल्यावर आधी माझ्या कानांकडे बघितलं. मी केस मागे सारून दोन्ही कान दाखवले, तेव्हा आत आलं.

"कॉलेजात सगळ्यांना सांगितलं होतं मी," खुर्चीत बसायच्या आधीच निहारने सुरुवात केली. "लिमये मॅडम मला नीट हाक मारतात म्हणून. सगळे हसायचे. मला वाटायचं, जळतात."

"तुझ्या कानात मी नीटच हाक मारत होते."

"मग दोन वर्षं माझं बोलणं कुणाशी चाललं होतं, मॅडम?"

"यंत्राशी. माझंही."

निहारने मान खाली घातली. "तुमचा राग नाही आला, असं सांगायचं ठरवलं होतं. पण खोटं कशाला बोलायचं? खूप आला."

"येऊ दे. मला वाईट वाटलं, ते तुझं तारे घालून बोलणं ऐकून नाही. इतक्या जवळ बसणाऱ्या पोराचा आवाजच आपण ऐकला नाही, याचं वाटलं. माझी चूक झाली."

मी पाणी आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर निहार म्हणालं, "काल उस्तादांशी बोलणं झालं. ते सुकर्णी वापरत नाहीत. पितळेचा आवाज बदलून ऐकणारा माणूस वाद्य काय घडवणार, म्हणाले."

"शहाणा आहे म्हातारा."

"मी माझं सगळं सांगितलं त्यांना. त्यांनी ऐकून घेतलं आणि 'बरं, हेर तांबट' म्हणाले. माझी दातखीळच बसली. पुढचं एक वाक्य येईना. मला तिथे राहायचंय, मॅडम. रोज त्यांच्या शेजारी बसून काम करायचंय. दर वेळी असं गप्प होऊन कसं चालेल?"

"मग मी काय करू?"

"इथे सगळे माझ्याशी गोड बोलतात. मनापासून की यंत्रातून, ते आता मला कळत नाही. तोंडावर भांडणारं माणूस मला एकच माहीत आहे. न थांबता बोलायचा सराव तुमच्यासमोरच होईल."

मी उठले, पितळी डबा आणून टेबलावर ठेवला आणि माझी सुकर्णी पर्समधून काढून त्यात टाकली. निहारने आपली टाकली आणि झाकण लावलं. श्रीकांत पेपर घेऊन बाल्कनीत जाऊन बसला.

"बसा," मी जर्मनमध्ये म्हटलं आणि पुढचा शब्द ओठांवर आला तसाच गिळला. "बसा, निहार तांबट." तेवढं मला जमलं. माणसाला त्याच्या नावाने हाक मारण्यात माझं काही जात नाही. तारा मात्र मला अजून खटकतो, आणि खटकत नाही असं मी दाखवणारही नव्हते. तसं करायला यंत्र होतंच की.

"समजा, मी उस्ताद आहे," मी म्हटलं. "आता मला सांगा, तुम्ही कोण आणि इथे कशाला आलात?"

निहारने पाठ ताठ केली. नाव सांगितलं, गाव सांगितलं, वडिलांचं काम सांगितलं. मग म्हणालं, मला वाद्यकार व्हायचंय, आणि त्या शब्दाच्या मधोमध आपला तो क्षणभराचा खंड घेतला. मी तो पहिल्यांदाच नीट, शांतपणे ऐकला. खटकला. माझं बोट उठलं आणि टेबलावर टकटक झाली.

निहारने माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि बोलत राहिलं. पुढच्या वाक्यात पुन्हा तसाच खंड आला. मी पुन्हा वाजवलं. या वेळी जरा जोरात.

पोर थांबलं नाही.